गळसरीतलं कथील

आमच्या गावाचं नावच दागिन्याचं आहे. कुंडल. म्हणजे कानातलं. गावाचा इतिहास सांगायला कुणी बसलं की डोंगरातल्या झरी पार्श्वनाथापासून सुरुवात होते. मग औंध संस्थान, मग १९४३ ते १९४६ चं प्रतिसरकार, नाना पाटील, जी. डी. बापू लाड, तुफान सेना. हे सगळं खरं आहे आणि त्याचा अभिमान आम्हालाही आहे. पण या कुंडल नावाच्या गावात कुणाच्या कानात सोनं होतं, कुणाच्या कानात पितळ होतं आणि कुणाच्या कानाचं भोक बुजू नये म्हणून नुसती लिंबाची काडी होती, हा इतिहास भाषणात येत नाही. तो आमच्या घरात एका पत्र्याच्या डबीत आहे.

डबीत आज्जीची गळसरी आहे. दोरा कुजलाय. काचेचे काळे मणी, मधेमधे लाल मणी. लांबून पोवळी वाटतात, पण काचच. लाखेचे दोन मणी, त्यातला एक फुटका. पितळेच्या दोन वाट्या. एक भोकाचा पैसा. आणि एक राखाडी, बोथट, दाबल्यासारखा मणी. तो कथलाचा. एवढ्याशा माळेत काच, लाख, पितळ, पैशाचं कासं, कथील आणि सूत. सोनं नाही. चांदी नाही.

गेल्या दिवाळीला माझी भाची कोल्हापुरातल्या एका दुकानातून गळ्यातलं घेऊन आली. काळा दोरा, काचेचे मणी, काळपट केलेली धातूची पानं, मधे एक नाणं. किंमत ऐकून मी गप्प बसले. दुकानातल्या पोरीनं तिला सांगितलेलं, वेगवेगळे जिन्नस एकत्र गुंफायची ही नवी फॅशन आहे. मी उठले आणि डबी काढून तिच्यापुढं ठेवली. ती म्हणाली, "आत्ती, हे तर सेम आहे!"

सेम नाही. का नाही, तेवढंच सांगायला हा लेख.

आधी कथलाचं बघू. कल्हईवाला तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून जे लावतो ते कथील. चुलीच्या जाळावर वितळतं, नखानं ओरखडा उठतो, कांब वाकवली की करकर आवाज करते. वाड्यातल्या पातेल्याला आतून कथील, आणि महारवाड्यातल्या हाताला बाहेरून कथील. ओतारी साच्यात ओतून गोट पाडून द्यायचा. स्वस्त. चार दिवस चांदीसारखं दिसायचं, मग काळं पडायचं. आज्जीच्या आईच्या हातात मनगटापासून कोपरापर्यंत कथलाचे गोट होते. धुणं बडवताना ते वाकायचे आणि ती दातानं सरळ करायची, असं आज्जी सांगायची. मी लहानपणी विचारलं होतं, चांदीचे का नाही घातले? ती म्हणाली, "आगं पोरी, पैसा न्हवता ही एक गोष्ट. आन् आसता तरी घालून गावातनं जायचं कसं, ही दुसरी."

आपले कार्यकर्ते या दोन गोष्टींतली पहिलीच धरतात. गरिबी होती, म्हणून कथील. इतकंच असतं तर इतिहास लिहायची गरज नव्हती, हिशेब लिहून भागलं असतं. पण कुणाच्या अंगावर कोणता धातू असावा याचा कायदा या देशात लेखी आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी कुठं राहावं, कशात जेवावं, काय नेसावं हे सांगितलंय. गावाबाहेर राहायचं, फुटक्या भांड्यात जेवायचं, मढ्यावरचं कापड नेसायचं. आणि दागिने? दागिने लोखंडाचे. मला या कलमाचं नवल वाटतं. दागिने घालू नका असं तो म्हणत नाही. घाला म्हणतो, पण लोखंडाचे. म्हणजे उघड्या अंगापेक्षा खूण असलेलं अंग त्याला सोयीचं होतं. लांबून ओळखू यावं, सावली टाळता यावी. (याच लोखंडाचे नांगर करून आमच्या शेजारी किर्लोस्करवाडी उभी राहिली, १९१० साली. तेव्हा लोखंड विटाळलं नाही.)

पेशवाईत पुण्यात अस्पृश्यानं मनगटाला नाहीतर गळ्यात काळा दोरा बांधायचा, चुकून कुणी शिवू नये म्हणून. बाबासाहेबांनी हे 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात सांगितलंय. त्याच भाषणात इंदूर जिल्ह्यातल्या बलाई लोकांची हकीकत आहे. कनारिया, बिचोली हाफ्सी, बिचोली मर्दाना आणि आसपासच्या पंधराएक गावांतल्या सवर्णांनी बलायांना नियम घालून दिले, ही बातमी जानेवारी १९२८ च्या वर्तमानपत्रात आली होती. जरीकाठी पागोटं नको, रंगीत काठाचं धोतर नको आणि बायकांच्या अंगावर सोन्याचांदीचा दागिना नको. तमिळ मुलखात रामनाडला १९३० च्या डिसेंबरात कल्लरांनी आदि-द्रविडांवर आठ मनाया घातल्या. त्यातही सोन्याचांदीचे दागिने होतेच. मोडणाऱ्यांची घरं जाळली. इंदूर कुठं, रामनाड कुठं. भाषा वेगळी, जात वेगळी, कलम तेच.

केरळात उलट्या बाजूनं तेच. पुलया बायकांनी गळ्यात दगडी मण्यांची माळ घातलीच पाहिजे, असा दंडक होता. त्या माळेला कल्लुमाला म्हणत. १९१५ साली कोल्लमजवळ पेरिनाडला अय्यंकालींच्या चळवळीत बायकांनी या माळा तोडून फेकल्या. त्यावरून दंगली झाल्या, झोपड्या पेटल्या. दगडाच्या मण्यांवरून! ज्यांच्या गळ्यात सोनं होतं त्यांना दुसऱ्याच्या गळ्यातला दगड का हवा होता, याचा विचार करावा.

आता महाड. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली हे आपल्या पोराटोरांनाही पाठ आहे. त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. ते दलित चळवळीच्या पुस्तकांत येतं, पण बहुतेक लुगड्यापुरतं येतं. त्यांचं म्हणणं असं होतं की गळाभर गळसऱ्या आणि हातभर चांदीचे, कथलाचे गोट-पाटल्या ही तुमची ओळख पटवणारी खूण आहे. एकापेक्षा जास्त गळसरीची गरज नाही, तिनं नवऱ्याचं आयुष्य वाढत नाही. त्या पैशाचं चांगलं कापड घ्या. आणि दागिना घालायचाच तर सोन्याचा करा, नाहीतर घालूच नका. लुगडं नेसायची पद्धत तर बायकांनी त्याच मुक्कामात बदलली.

दोस्त हो, हे दोन प्रसंग एकत्र वाचा. आधी पुस्तक जाळलं, मग त्या पुस्तकातलं दहाव्या अध्यायातलं कलम बायकांच्या हातागळ्यातून काढायला सांगितलं. कागद जाळणं एका रात्रीत होतं. कोपरापर्यंतचे गोट काढायला घराघरात भांडणं झाली. सासवा म्हणाल्या, रिकाम्या हातानं पाणी भरशील तर लोक रांडमुंड म्हणतील. आज्जीनं तिचे गोट लग्नानंतर पाच-सहा वर्षांनी काढले. त्याचं काय केलं विचारलं तर हसायची. कल्हईवाल्याला देऊन घरची भांडी कल्हई करून घेतली होती.

गळसरी मात्र एक ठेवली. एकच.

ही गळसरी मी पहिल्यांदा आमच्या पोरांच्या बैठकीत दाखवली तेव्हा एकजण तडकून म्हणाला, "ताई, बाबासाहेबांनी फेकायला सांगितलेली घाण तुम्ही जपून ठेवता?" त्याचा राग मला समजतो. असला राग नसता तर चळवळच झाली नसती. पण मी त्याला विचारलं, फेकायची ती काय म्हणून? खूण म्हणून. खूण बळजबरीची होती, मणी ओवणारा हात बळजबरीचा नव्हता. आज्जीच्या माळेत सात काळे मणी, मग एक लाल, पुन्हा सात काळे. वाट्यांच्या दोन्ही अंगाला लाख. पैसा बरोबर मधे, कथील मागं मानेवर, लुगड्याच्या पदराखाली. हे तिनं ठरवलं होतं. मी म्हणलं, लाल कशाला गं आज्जे? तर म्हणाली, "नुसतं काळं घातलं की गळा मेल्यागत दिसतो." सौंदर्यशास्त्रावरचे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी हे वाक्य ऐकलेलं नाही.

जिन्नस कुठून आले तेही बघा. मणी वैदू बाईकडून, ती सुया, बिब्बे, पोत घेऊन दारावर यायची. पटवेकऱ्याकडं जाऊन गाठवून घ्यायची आमची पायरी नव्हती, म्हणून घरीच ओवली. पितळेच्या वाट्या बाजारातल्या. आज्जीच्या माहेरच्या गावात कासार महारवाड्यातल्या बाईचा हात धरून बांगडी भरत नसे, लांबून माल ठेवायचा आणि पैसे पाणी टाकून उचलायचा. पैसा इंग्रज सरकारचा. महायुद्धात धातू वाचवायला सरकारनं १९४३ साली मधे मोठं भोक असलेला पैसा काढला, तो १९४७ पर्यंत पाडला गेला. ज्या वर्षी कुंडलात लोक इंग्रजांचं राज्य उखडत होते त्याच वर्षी इंग्रजांच्या टाकसाळीनं आज्जीला आयतं भोक पाडलेलं लॉकेट दिलं. तिला दोन्हींचं कौतुक होतं. प्रतिसरकारच्या काळात थोडक्या खर्चाची, बिनहुंड्याची लग्नं लागली, लोक त्यांना गांधीविवाह म्हणायचे. सोनंनाणं नाही, बँड नाही, हार घातला की झालं. आज्जी म्हणायची, आमची लग्नं पहिल्यापासनं तशीच, पर त्येला कुनी नाव दिलं न्हवतं.

बेंदराच्या दिवशी मात्र गावात दागिने बघावेत. बैलाच्या शिंगांना पितळेच्या शेंब्या, गळ्यात चामड्याच्या पट्ट्यावर घुंगरं आणि कवड्या, कपाळावर मणी, गोंडे. पट्टा चांभारानं केलेला, दावी-कासरे मांगानं वळलेले. कातडं, धातू, कवडी, काच, सूत एकत्र बसवायची सगळी हिकमत आपल्या लोकांच्या हातची, ती बैलाच्या अंगावर चालायची. ते कातडं कमावणाऱ्याच्या बायकोनं पितळेची पट्टी जरा रुंद घातली तर लोकांच्या डोळ्यात खुपायची.

आणि त्या बोरमाळेचं काय? सगळ्या मराठी घरांत मिरवते ती बोरमाळ भरीव सोन्याची नसते. सोन्याचा पातळ पत्रा मण्याएवढा गोल करून आत लाख भरतात, म्हणजे मणी दबत नाही आणि सोनंही थोडं लागतं. श्रीमंतही जिन्नस मिसळतोच. फक्त त्याची लाख आत असते आणि आमची बाहेर. ही लाख पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्याची. ती खरवडून गोळा करणारे बहुतेक आदिवासी. पाटलिणीच्या गळ्यातल्या सोन्याच्या पोटात आदिवासीचा घाम आहे, ही कविता नाही, कारागिरीची माहिती आहे.

सोन्याचंही तेच. कोलारच्या खाणी १८८० पासून जॉन टेलर कंपनीनं चालवल्या. तीन किलोमीटरच्याही खाली उतरून खडक फोडणारे मजूर मुख्यतः तमिळ दलित होते. दगडाच्या धुळीनं छाती भरून मेले. पंडित अयोथीदासांच्या शाक्य बौद्ध चळवळीची शाखा तिथं मारीकुप्पमला होती, बाबासाहेबही १९५४ साली कोलारला जाऊन आले. २००१ साली खाणी बंद झाल्या. रामनाडात ज्यांना सोनं घालायची मनाई केली त्यांचेच भाऊबंद सोनं जमिनीतून वर काढत होते. आपल्या जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांनी 'स्मशानातील सोनं' लिहिली. खाणीचं काम बंद पडल्यावर त्यातला भीमा मढ्यांच्या राखेत आणि जबड्यात सोनं शोधतो आणि शेवटी बोटं गमावून बसतो. कथा म्हणून ती सगळ्यांनी वाचली. मला ती दागिन्यांच्या इतिहासातलं एक प्रकरण वाटते.

आता शुद्धतेबद्दल दोन शब्द, कारण आमच्या भागाला तो धंदा माहीत आहे. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव हा दुष्काळी पट्टा. इथली माणसं गलाईच्या धंद्यानं देशभर पसरली. मोडीचे दागिने वितळवून त्यातलं सोनं, चांदी, तांबं वेगळं करायचं. तेजाबात चांदी आणि तांबं विरघळतं, सोनं तळाला राहतं. पण एक गंमत आहे. सोनं जास्त असेल तर तेजाब आत शिरत नाही. म्हणून त्यात आधी चांदी मिसळावी लागते, सोन्याच्या साधारण तिप्पट, तेव्हा कुठं ते सुटं होतं. शुद्ध करायचं तर आधी मिसळा. आणि सगळं शुद्ध झालं तरी त्याचा दागिना टिकत नाही. चोवीस कॅरेटचं सोनं मऊ, अंगठी बोटात वाकते. त्यात तांबं-चांदी घालावीच लागते. आज हॉलमार्कच्या दागिन्यावर ९१६ आकडा असतो. हजारात ९१६ भाग सोनं, उरलेले ८४ दुसरे धातू. सोनार या ८४ ला काय म्हणतो? हीण. म्हणजे ज्याच्याशिवाय दागिना उभा राहत नाही त्याचं नाव हीण! कस, बावनकशी, अस्सल, हिणकस, भेसळ. सोनाराच्या कसोटीवरचे हे शब्द आपल्या भाषेत माणसांच्या कुळाला लावतात. मुशीतलं रसायन एक सांगतं आणि शब्द दुसरंच.

१९६२ च्या चीन युद्धानंतर, जानेवारी १९६३ त, सरकारनं सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. नवे दागिने चौदा कॅरेटच्या वर करायचे नाहीत. म्हणजे चोवीसात दहा भाग हीण, सरकारी हुकमानं. सोनारांची हातची कामं गेली, हाल झाले, त्याचं दुःख खरं होतं आणि त्याची चेष्टा मी करणार नाही. पण वाड्यावाड्यांतून जो आक्रोश झाला, की असलं लग्नात कसं घालायचं, लोक काय म्हणतील, तो ऐकून आज्जी म्हणाली होती म्हणे, "आता कळंल त्यास्नी." १९६६ साली ती अट उठली. आमच्यावरची अट उठवायला किती शतकं लागली ते मोजत बसू नये.

मिसळलेल्या जिन्नसांच्या खुणा अजून आहेत. यल्लमाला सोडलेल्या मुलीच्या गळ्यात लाल-पांढरे मणी बांधतात. ती माळ दागिना नव्हे, दावं आहे. १९३४ साली मुंबई इलाख्यात याविरुद्ध कायदा झाला, १९८२ साली कर्नाटकानं केला. कायद्याला माळ तोडायला इतकी वर्षं का लागली, हे सौंदत्तीच्या जत्रेत जाऊन बघितल्यावर कळतं. लमाणी बायांच्या अंगावरची नाणी, कवड्या, आरसे शहरातल्या दुकानात टांगलेले मी बघितलेत. तांड्यातल्या बाईला त्या वेशात दुकानाच्या पायरीवर बसू देतात का, ते मात्र मी बघितलंय. नाही देत.

आणि खूप मागं गेलं तर ही वाटणी सापडत नाही. पुणे जिल्ह्यात इनामगावला १९६८ ते १९८३ उत्खनन झालं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी गावात भाजलेल्या मातीचे, शंखाचे, रंगीत खड्यांचे, तांब्याचे मणी निघाले, थोडं सोनंही निघालं. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांत सोनार आहेत, मणिकार आहेत. मणी करणाराही आपलं नाव भिंतीवर कोरून ठेवत होता. ते नाव पुसून त्या जागी जात कधी आली, हा खरा संशोधनाचा विषय आहे. आपल्यातल्या एम. ए. करणाऱ्या पोरापोरींनी तो घ्यावा. प्राध्यापक वेगळा विषय सुचवतील. सुचवू द्या.

तोवर एक काम घरी होण्यासारखं आहे. जयंतीची वर्गणी मागायला दारोदार जाताच, तेव्हा म्हाताऱ्या बायांजवळ दहा मिनिटं बसा. डबी, बोचकं, उतरंडीतलं काय असेल ते बघायला मागा. कोणता जिन्नस, कुणाकडून घेतला, काय देऊन घेतला, कधी काढला, का काढला, हे वहीत लिहा. गोंदण असेल तर तेही लिहा, ते तर कुणालाच काढून घेता आलं नाही. फोटो काढा, पण वस्तू मागू नका. आणि कुणी भारीतल्या पगारवाला संग्रहासाठी विकत मागायला आला तर आधी त्याला हे सगळं विचारायला लावा.

भाचीनं गळसरी मागितली. दोन दिवस मी हो-ना केलं. मग आम्ही दोघी जोत्यावर बसलो आणि कुजका दोरा तोडला. मणी ताटात ओतले, मोजले, वहीत लिहिले. फुटका लाखेचा मणी वेगळा काढला. तिनं नव्या दोऱ्यात सात काळे, एक लाल, असं आज्जीच्या हिशेबानं ओवलं. भोकाचा पैसा मधे घेतला. पितळेच्या वाट्या ठेवू का नको यावरून आमचं बरंच झालं. ती म्हणाली, लग्नाची खूण मला नको. वाट्या राहिल्या बाजूला.

कथलाचा मणी परत डबीत टाकला. त्यावर आमचं भांडण झालं नाही.